मॉरिशसचे पक्षी: डोडो सोडून बोलूया!

रानजाई

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीपायी मॉरिशसला येऊन आता तीन वर्षं होतील. भारतातून कुणाचाही फोन आला की दोन प्रश्न ठरलेले. "समुद्र घरापासून किती लांब?" आणि "डोडो दिसला का?" दुसरा प्रश्न विचारून माणसं आपली आपणच हसतात, कारण तो पक्षी केव्हाच नामशेष झालाय. म्हटलं, डोडो सोडून इथे काय काय आहे ते एकदा लिहूनच टाकावं.

पहिल्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर समोर साळुंकी. तारेवर शिपाई बुलबुल, तुरा ताठ, गालावर लाल ठिपका. खाली चिमण्या आणि ठिपकेवाले होले. नवऱ्याला म्हटलं, एवढं विमानात बसून आपण परत डोंबिवलीतच उतरलो की काय! खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. परक्या गावात माहेरची माणसं भेटावीत तसं.

पुढे कळलं की हीच माहेरची माणसं इथल्या निम्म्या भानगडींचं मूळ आहेत.

साळुंकी फ्रेंचांनी १७६२ मध्ये भारतातून आणली, टोळधाड आवरायला. किडीच्या बंदोबस्तासाठी एका देशातला जीव दुसऱ्या देशात मुद्दाम नेण्याचं अगदी सुरुवातीचं उदाहरण म्हणून ही गोष्ट पुस्तकांत येते. टोळ गेले, साळुंकी राहिली. इथल्या क्रिओल भाषेत तिला 'मार्तें' म्हणतात. बुलबुल पिंजऱ्यातला म्हणून आला, १८९२ च्या सुमारास सुटला आणि बघता बघता बेटभर झाला. त्याचं इथलं नाव 'कोंदे'. हा पठ्ठ्या चिनी पेरू खातो आणि त्याच्या बिया रानभर पेरत हिंडतो. चिनी पेरू म्हणजे सुपारीपेक्षा थोडं मोठं लाल फळ, मीठ-मिरची लावून झकास लागतं. पण झुडूप असं दाट माजतं की खाली मूळच्या झाडाचं रोप म्हणून उगवत नाही. कावळा जहाजांवर बसून आला. मुंगूस १९०० च्या आसपास भारतातून आणलं, उंदीर मारायला. त्याने उंदीर मारले असतील, पण जमिनीवरची अंडी सोडली नाहीत. माकडं तर त्याच्याही कितीतरी आधीची.

लक्षात घ्या, या बेटावर मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. मांजर नाही, उंदीर नाही, माकड नाही. इथल्या पाखरांनी लाखो वर्षं घरट्याला कडी लावलीच नव्हती.

आणि मूळचे रान आता किती? बऱ्या अवस्थेतलं दोन टक्क्यांहून कमी. बाकी ऊस, घरं, रस्ते, हॉटेलं. त्यामुळे इथले घरचे पक्षी गावात भेटत नाहीत, त्यांना शोधत जावं लागतं. नैऋत्येला ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं राष्ट्रीय उद्यान आहे (१९९४ चं), तिथे पेत्रेंच्या बाजूने आत शिरायचं.

अपवाद एक, पिक-पिक. चष्मेवाल्याच्या घराण्यातला राखाडी, अंगठ्याएवढा पक्षी. हा मात्र अस्सल इथला असून बागेतही येतो. आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर चार-पाच जणांचं टोळकं येतं, दोन मिनिटं नुसता चिवचिवाट, की पसार. शेपटीच्या बुडाशी, पाठीवर पांढरा ठिपका दिसला की ओळखायचं. याचाच हिरवट भाऊ, ऑलिव्ह व्हाइट-आय, एवढा दुर्मीळ की मला अजून रानात दिसलेला नाही.

आता माझी फजिती. फोडी नावाचा पक्षी आहे (आंब्याच्या नव्हेत). सुगरणीच्या जवळचा. मी पहिला संपूर्ण मोसम घरी फोन करकरून सांगत होते, "अगं, आमच्या कुंपणावर दुर्मीळ मॉरिशस फोडी बसतो!" फोटोही पाठवले. एका जाणकाराने शांतपणे सांगितलं, ताई, हा मादागास्करचा. तो विणीच्या दिवसांत डोक्यापासून बुडापर्यंत लालभडक होतो आणि कुठेही दिसतो. इथला असतो त्याचं फक्त डोकं आणि गळा लाल, जणू कुणी त्याला कुंकवाच्या करंड्यात मानेपर्यंत बुडवून काढलंय. बाकी अंग शेवाळी-तपकिरी.

खरी कथा मात्र केस्ट्रेलची. छोटा ससाणा. १९७४ मध्ये अख्ख्या जगात, म्हणजे या बेटावरच, रानात चार शिल्लक असल्याचं माहीत होतं. त्यांतली अंडी घालणारी मादी एक. एक! मलेरियासाठी डीडीटी फवारलं होतं, रान तोडलं होतं, वर माकडं आणि मुंगूस. त्या जोडीने झाडाच्या ढोलीऐवजी उभ्या कड्यावर घरटं केलं, माकडाला पोचता येईना, म्हणून पिल्लं वाचली.

मग १९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा वेल्सचा तरुण इथे आला. त्याने जे केलं ते कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईला नवीन नाही. पहिली अंडी काढून घ्यायची, की मादी पुन्हा घालते. काढलेली अंडी यंत्रात उबवायची, पिल्लं हाताने भरवायची, मोठी झाली की रानात सोडायची, सोडल्यावरही काही दिवस पांढरे उंदीर आयते द्यायचे. लाकडी पेट्या टांगायच्या घरट्यांसाठी. नव्वदीच्या दशकापर्यंत तीनशेहून जास्त पक्षी सोडले. आज काहीशे आहेत. मधे जरा बरे दिवस आले होते, २०१४ मध्ये धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत पुन्हा वरच्या पायरीवर गेला. म्हणजे 'वाचवला' म्हणून हात झटकायची सोय नाही.

फेर्नेच्या खोऱ्यात मी पाहिला. इतर ससाणे उघड्यावर घिरट्या घालतात, याचे पंख आखूड आणि गोल, रानात झाडांमधून वळणं घेत जाणारे. एका खोडावर हिरवीगार पाल होती, लाल ठिपक्यांची. मी पालीचाच फोटो घेत होते. काहीतरी तपकिरी सप्पकन गेलं आणि खोडावर पाल नव्हती. फोटोत नुसतं खोड आलंय.

गुलाबी कबूतर, एको पोपट आणि रॉड्रिग्ज बेटाचे पक्षी राहिलेच. प्रतिसाद बघून लिहिते.

---

बखरबहाद्दर

झकास धागा, वाचनखूण साठवली. पण डोडो सोडून कसं चालेल? अवांतराचा मान माझा.

डोडो आपल्याकडे येऊन गेलाय. जहांगीर बादशहाच्या दरबारी उस्ताद मन्सूर नावाचा चितारी होता. त्याच्या हातचं मानलं जाणारं, १६२५ च्या सुमाराचं डोडोचं चित्र रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. डोडोच्या आजूबाजूला पोपट, बदकं वगैरे. युरोपातली बरीच चित्रं जाड, ढेरपोट्या डोडोची, त्यापेक्षा हे चित्र जिवंत पक्षी पाहून काढल्यासारखं वाटतं. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानेही सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय.

डोडोची शेवटची भरवशाची नोंद १६६२ ची. महाराजांनी सुरत लुटली १६६४ ला. दोन वर्षांचा फरक. म्हणजे सुरतेच्या एखाद्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने दोन्ही पाहिलं असेल!

---

खारफुटी

@रानजाई, मस्त. पण पाहुण्यांबद्दल एक ओळ नाही? मी ठाण्याच्या खाडीवर दर हिवाळ्यात चिखल तुडवणारा माणूस. तुमच्याकडे किनारी पक्षी येतात का? करल्यू सँडपायपर?

---

रानजाई

@खारफुटी दादा, येतात की. पोर्ट लुईच्या उत्तरेला तेर रूजची खाडी आहे, २६ हेक्टरची. शहराला चिकटून, एका अंगाला रहदारीचा रस्ता. २००१ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. बसायला आडोसे केलेत. ओहोटीची वेळ बघून जायचं, भरती असली की नुसतं पाणी बघून परत.

तुमचा करल्यू सँडपायपर तिथे आहेच. बाकदार चोच, चिखलात शिवणयंत्राच्या सुईसारखी खालीवर. सैबेरियाच्या पार वरच्या टोकाला जन्मतो आणि या ठिपक्याएवढ्या बेटावर उतरतो, मधे एवढा समुद्र! सोबत व्हिम्ब्रेल, ग्रीनशँक आणि दगड उलथून खालचे किडे खाणारा टर्नस्टोन. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत मुक्काम.

गंमत अशी की आपण यांना 'हिवाळी पाहुणे' म्हणतो. इथे ते येतात तेव्हा ऐन उन्हाळा असतो, आम्ही पंखे लावून बसलेलो असतो. या पक्ष्यांच्या नशिबी हिवाळाच नाही.

टर्नस्टोनला तर खाडीचीही गरज नाही. एका हॉटेलच्या पुळणीवर तो पर्यटकांच्या खुर्च्यांखालून फिरताना पाहिलाय. कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

---

खारफुटी

वा! म्हणजे त्याच पाहुण्यांची निम्मी वरात आमच्या दारी आणि निम्मी तुमच्या.

---

रोखठोक

लेख चांगला आहे पण एक शंका. चार पक्षी उरले होते. चार. त्यांच्यासाठी इतकी वर्षं, इतका पैसा, परदेशी तज्ज्ञ. निसर्गात जे टिकत नाही ते जातं. डोडो गेला, जगाचं काय अडलं? उगाच सलाईन लावून ठेवण्यात काय अर्थ? (कुणाला दुखवायचा हेतू नाही.)

---

गूळशेंगदाणा

@रोखठोक, डोडो गेल्याने अडलंच होतं ना! तिथे तांबालाकोक नावाचं झाड आहे, त्याची बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही. डोडो गेला आणि तीनशे वर्षांत एकही नवीन झाड आलं नाही. शाळेत कुठेतरी वाचलंय.

---

रानजाई

@गूळशेंगदाणा, ही गोष्ट मलाही फार आवडायची, पण ती टिकली नाही हो. स्टॅन्ली टेंपल या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ती मांडली. नंतर तीनशे वर्षांपेक्षा लहान झाडं सापडली, आणि बी डोडोशिवायही रुजते हे दिसलं. कठीण जातं, पण रुजते. मजा म्हणजे केस्ट्रेलची पिल्लं पिंजऱ्यात वाढवायचा पहिला प्रयत्न करणारा माणूस हाच टेंपल. तेव्हा एक गोष्ट चुकली म्हणून त्याला मोडीत काढू नका.

@रोखठोक, 'टिकत नाही' म्हणता, पण त्याला टिकू कुणी दिलं नाही हा भाग वगळून कसं चालेल? मुंगूस पोहत आलं नव्हतं. एखाद्याच्या घरात आपणच उंदीर सोडायचे आणि मग म्हणायचं, याला घर सांभाळता येत नाही!

पैशाचं म्हणाल तर, गुलाबी कबूतर १९९०-९१ मध्ये रानात दहाएक उरलं होतं. आज चारशेच्या वर आहे, २०१८ मध्ये धोक्याची पायरी आणखी एक खाली आली. एको पोपट ऐंशीच्या दशकात दहाच्या आसपास, आता सातशेच्या वर. जगात असे किती प्रकल्प दाखवाल?

---

खारफुटी

@रोखठोक, आपल्या माळढोकाचं बघा ना. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्या नावाने अभयारण्य आहे, आणि पक्षी जवळपास नाहीच. आता राजस्थानात जैसलमेरकडे रानातली अंडी गोळा करून पिल्लं वाढवतायत. म्हणजे रानजाईताईंनी वर लिहिलेला कोंबडीवाल्या बाईचाच उपाय, चाळीसएक वर्षं उशिरा.

---

रोखठोक

माळढोकाचं मान्य. नान्नजला लहानपणी शाळेची सहल गेली होती, तेव्हा लांबून एक दिसला होता. बाई म्हणाल्या होत्या तोच आहे, म्हणून तोच असणार.

खर्चाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

---

सावित्री_रोझहिल

नमस्कार. मी इथलीच, मॉरिशसची मराठी. पाचवी पिढी. माझी मराठी थोडी तुटकी आहे, सांभाळून घ्या. आमचे लोक रत्नागिरीच्या बाजूने आले, उसाच्या कामाला. घरात भजन मराठी, भांडण क्रिओल 🙂

केस्ट्रेलबद्दल एक सांगते. जुने लोक त्याला 'मांजर द पूल' म्हणायचे. इथे 'मांजर' म्हणजे मराठी मांजर नाही, फ्रेंचमध्ये 'खाणारा', आणि पूल म्हणजे कोंबडी. कोंबडी खाणारा. तो बिचारा पाल खातो, कोंबडी त्याला उचलणार पण नाही. पण नाव पडलं म्हणून लोक बंदुकीने मारायचे. आजोबा सांगायचे.

दुसरं, आपल्याच लोकांचं. गंगा तलावला (ग्रां बासें) पूजेला जातो तेव्हा सगळे माकडांना केळी देतात. हनुमानाचं समजून. मी पण द्यायची. तिथून रान जवळच. केळी खाऊन धष्टपुष्ट झालेलं माकड मग गुलाबी कबुतराची अंडी खायला जातं. आता मी देत नाही. सासूबाई अजून देतात. यावर घरी बोलायचं नाही असं ठरलंय.

---

रानजाई

सावित्रीताई, 'मांजर द पूल' वाचून मी चहा सांडला. असंच लिहीत राहा, मराठी अजिबात तुटकी नाही.

गुलाबी कबुतराचं निघालंच आहे तर, शेवटची काही घरटी कुठे होती माहितीये? मूळच्या रानात नाही, क्रिप्टोमेरिया नावाच्या जपानी झाडांच्या राईत. बाहेरून आणून लावलेलं, बोचऱ्या पानांचं झाड. माकडांना आणि उंदरांना ते आवडेना म्हणून तिथे निभावलं. म्हणजे परका तेवढा वाईट, असंही सरसकट म्हणता येत नाही.

एको पोपटाची खूण सांगून ठेवते, कारण इथेही माझ्यासारखी फसगत होते. आपला साधा पोपट इथे पिंजऱ्यातून सुटून भरपूर झालाय आणि एकोशी ढोलीवरून भांडतो. दोघे सख्ख्या चुलत भावांसारखे दिसतात. एको जास्त गडद हिरवा, शेपूट आखूड, बांधा गोलसर. पण सगळ्यात सोपं म्हणजे चोच बघायची. साध्या पोपटाच्या नर-मादी दोघांचीही चोच लाल. एकोच्या मादीची काळी. पोपट हिरवा, चोच काळी, की समजा लॉटरी लागली.

२००५ च्या सुमारास या पोपटांत चोच आणि पिसं झडण्याचा रोग पसरला होता. त्यातूनही निभावले.

---

वेंगुर्ल्याचो_वारो

माझोय एक प्रश्न. तुमच्याकडे पाकोळी आसा काय, गुहेत घरटा करणारी? आमच्या वेंगुर्ला रॉक्सवर, समुद्रातल्या खडकावर, हजारांनी होती. सुपासाठी घरटी चोरून नेणारे लोक पकडले, मगे जरा दम पडलो.

---

रानजाई

आसा, आसा! मॅस्करीन पाकोळी. इथल्या गुहा ज्वालामुखीच्या, लाव्हा वाहून गेल्यावर राहिलेली बोगदी. काळोखात टकटक आवाज करत वाट काढते. आणि घरटी चोरणं, गुहेत शिरून त्रास देणं इथेही झालंय. तुमच्या खडकांचे फोटो असतील तर टाका की.

---

गूळशेंगदाणा

मार्चमध्ये आम्ही येतोय, पाच दिवस. दोन लहान मुलं, एक सासरे. सगळं पाहणं शक्य नाही. एकच जागा सांगा.

---

रानजाई

मग इल ओ एग्रेत. आग्नेय किनाऱ्याला, माहेबूरजवळ. पोवाळी चुनखडीचं छोटं बेट, ६५ एकरांचं. होडीने काही मिनिटं. एकटं फिरता येत नाही, सोबत माणूस देतात आणि तेच बरं. इथे उंदीर-मांजर संपवून परत मूळची झाडं लावलीत, आबनूस वगैरे. गुलाबी कबूतर हमखास दिसतं, पायात रंगीत कडी घातलेली असतात. मान आणि छाती खरंच गुलाबी, पाठ तपकिरी, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. सासऱ्यांना सांगा, सावलीचा रस्ता आहे. मुलांसाठी महाकाय कासवं. मूळची कासवं संपली, म्हणून अल्दाब्रा बेटांवरची आणली. फळं खाऊन बिया पसरवायचं काम आता त्यांच्याकडे.

मॉरिशस फोडी आणि तो हिरवट चष्मेवाला या बेटावर आणून वसवलेत. नीट बघा. लाल फक्त डोकं!

आणि समुद्राकडे मान वर करून बघा. पांढरा, लांब सडपातळ शेपटीचा पक्षी दिसला तर तो पाय-आँ-क्यू, म्हणजे शेपटीत गवताची काडी. एअर मॉरिशसच्या विमानाच्या शेपटीवर तोच असतो.

---

सावित्री_रोझहिल

या बेटाचं नाव निघालं म्हणून. २०२० ला जुलैमध्ये वाकाशिओ जहाज तिथेच जवळ खडकावर चढलं आणि ऑगस्टमध्ये फुटलं. सुमारे हजार टन तेल. काळा समुद्र पाहिला नाही कुणी आधी. आम्ही सगळे गेलो. उसाचं पाचट कापडात भरून लांब गुंडाळ्या शिवल्या, तेल अडवायला. बायकांनी केस कापून दिले, केस तेल ओढतात म्हणून. माझ्या मुलीने पण दिले, कमरेपर्यंतचे.

त्या धावपळीत पक्षी जपणाऱ्या संस्थेच्या लोकांनी फोडी आणि चष्मेवाले पकडून होडीने मोठ्या बेटावर आणले होते, काही झालं तर सगळे एकदम जाऊ नयेत म्हणून. तेव्हा आम्हाला कळलं की इथे असे पक्षी राहतात. चाळीस वर्षं समोर राहून माहीत नव्हतं.

---

बखरबहाद्दर

सावित्रीताई, पाचटाचं वाचून अंगावर काटा आला. यावर वेगळा धागा काढा, विनंती आहे.

@रानजाई, रॉड्रिग्ज राहिलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

रानजाई

रॉड्रिग्ज थोडक्यात, कारण मी तिथे एकदाच गेलेय आणि तेही पावसात. मॉरिशसचंच बेट, विमानाने दीडेक तास. जगात फक्त तिथेच असणारे दोनच पक्षी उरलेत, एक फोडी (हा पिवळा, चेहरा नारिंगी) आणि एक वटवट्यासारखा वॉर्बलर. दोन्ही साठी-सत्तरीच्या दशकांत अगदी संपायला आले होते. इथे अंडी काढणं, पिंजरा असलं काही करावं लागलं नाही. झाडं लावली, रान वाढलं, पक्षी आपोआप हजारांत गेले. @रोखठोक, हा स्वस्तातला नमुना खास तुमच्यासाठी.

---

रोखठोक

😀 पोचला.

---

गूळशेंगदाणा

परत आलो. रिपोर्ट देतो.

बेटावर गुलाबी कबूतर दोन. एक तर सासऱ्यांच्या पायापासून चार हातांवर. सासरे म्हणाले, "आमच्या वाड्यात असतं तर केव्हाच ताटात गेलं असतं." सोबतच्या गाइडला मराठी येत नव्हतं हे बरं. फोडी एक, डोकं लाल, खात्रीने. पाय-आँ-क्यू मुलांना दिसला, मला नाही, मी टोपी धरून बसलो होतो.

शेवटच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा होता म्हणून पेत्रेंला गेलो. धुकं, बारीक पाऊस. तासभर काही नाही, बायकोचा चेहरा सांगत होता की आता पुरे. परत गाडीकडे वळलो तर डोक्यावर क्याँ क्याँ करत दोन पोपट येऊन फांदीवर बसले. म्हटलं साधेच असणार. धाकटीने दुर्बीण ओढून घेतली आणि ओरडली,

"बाबा, एकाची चोच काळी आहे!"